कथलाचं नाक

मागच्या आषाढात आमच्या स्वयंपाकघरातला गॅसगळती ओळखणारा डबा रात्री पावणेतीनला ओरडला. लोणावळ्यात त्या आठवड्यात सूर्य दिसलाच नव्हता. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट होते, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव आली होती. बाबांनी दिव्याच्या बटणाला हात न लावता अंधारातच चाचपडत रेग्युलेटर बंद केला. आईने खिडक्या उघडल्या, तसं धुकं आत शिरलं. शेजारच्या काकू छत्री घेऊन पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. वास कोणालाच येत नव्हता. नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर एक बुडबुडा नाही. अर्ध्या तासाने डबा आपणहून गप्प झाला. दोन रात्रींनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाबांनी त्याची पिनच काढून टाकली आणि म्हणाले, "लांडगा आला रे आला."

मी तो डबा पेचकसाने उघडला. कुतूहल होतंच, शिवाय थोडी जुनी ओळखही होती. एमएस्सीला असताना मावळातल्याच एका महाविद्यालयात वर्षभर मी असल्याच वस्तूच्या मागे होतो.

आत एक हिरवी पट्टी, एक भोंगा आणि करंगळीच्या पेराएवढी पोलादी जाळीची टोपी. जाळीच्या आत अॅल्युमिनाची, म्हणजे चिनीमातीसारख्या पांढऱ्या पदार्थाची, काही मिलिमीटर लांबीची नळी असते. नळीच्या पोटात तापवायची तार आणि अंगावर राखाडी पांढऱ्या भुकटीचा लेप. सगळी करामत त्या लेपाची. तो टिन ऑक्साईडचा, आपल्या भाषेत कथलाच्या ऑक्साईडचा असतो.

कथील घराला नवं नाही. पितळी पातेल्यांना कल्हई लावणारा दारात भाता मांडून बसायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील पातेल्यात चांदीसारखं चमकायचं. हेच कथील हवेत जाळलं की त्याची पांढरी भुकटी होते. वैद्यांचं वंगभस्म मुख्यतः तेच, आणि यशदभस्म म्हणजे मुख्यतः जस्ताचा ऑक्साईड. गॅस ओळखणाऱ्या पदार्थांच्या यादीत या दोघांची नावं सगळ्यात वर आहेत. यावरून 'आपल्याकडे नॅनो होतंच' अशी टाळी घेणारी भाषणं मी ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. वैद्याने खल केला तो पोटात जिरावं म्हणून. भस्मातून वीज वाहते का, हे त्याने कधी विचारलं नाही आणि विचारायचं त्याला कारणही नव्हतं. खल मात्र वैद्याचा आणि आमचा एकच, हे खरं. त्याकडे पुढे येतोच.

तर हा लेप वास कसा घेतो? लोणावळ्याच्या माणसाला हे समजवायला भुशी धरणाचा रस्ता पुरेसा आहे. टिन ऑक्साईडच्या कणातून इलेक्ट्रॉन वाहत असतात, ती रस्त्यावरची वाहनं समजा. लेप तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापवला की हवेतला ऑक्सिजन कणाच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि बसताना कणातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. रविवारी भुशीच्या वाटेवर दोन्ही कडांना गाड्या लागाव्यात तसं होतं: मधली वाट अरुंद होते, वाहतूक रेंगाळते, म्हणजेच विजेला होणारा रोध वाढतो. अशात एलपीजी आला, की तो कडेच्या ऑक्सिजनशी जळतो, ऑक्सिजन उठून जातो, धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन परत रस्त्यावर येतात. रोध झरकन उतरतो. हा उतार मोजायचा आणि ठरावीक रेषेखाली गेला की भोंगा वाजवायचा. तांब्याचा किंवा निकेलचा ऑक्साईड घेतला तर सगळं उलट होतं, गॅस आला की रोध चढतो. पण तत्त्व तेच.

आता याच रस्त्यावर 'नॅनो' का लागतं ते पाहा. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाड्या लागल्या तरी मधून वाहतूक चालूच राहते. गल्लीत दोन्ही बाजूंना लागल्या की गल्ली बंद. टिन ऑक्साईडच्या कणात ऑक्सिजनमुळे रिकामी होणारी पट्टी साधारण ३ नॅनोमीटर खोल असते. म्हणजे कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आला की दोन्हीकडच्या पट्ट्या मध्ये भेटतात आणि अख्खा कणच गल्ली होतो. थोडा गॅस आला तरी उघडझाप मोठी दिसते. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या नोबोरू यामाझोए आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मोजून दाखवलं, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत कण बारीक करण्याची शर्यत लागली.

दुसरं कारण जमिनीच्या हिशेबातलं आहे. मावळात सगळं गुंठ्यात मोजतात, म्हणून त्यातच सांगतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या, खडीसाखरेच्या खड्याएवढा. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत कापला, तर पृष्ठफळ होतं ६०० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! वजन तेवढंच आणि ऑक्सिजनला बसायला सहा गुंठ्यांचा प्लॉट.

जपानचं नाव आलंच आहे तर मूळ गोष्टही सांगून टाकतो. १९६२ मध्ये क्यूशू विद्यापीठातच तेत्सुरो सेइयामा यांनी तापवलेल्या झिंक ऑक्साईडच्या पातळ थरावरून गॅस ओळखता येतो हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथलाच्या ऑक्साईडचं पेटंट मागितलं. जपानी घरांत तेव्हा एलपीजी नुकताच शिरला होता आणि स्फोटांच्या बातम्या येत होत्या. १९६८ मध्ये तागुचींचा सेन्सर बाजारात आला, १९६९ मध्ये त्यांची फिगारो ही कंपनी उभी राहिली. आज ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत मिळणारे 'एमक्यू' मालिकेतले चिनी सेन्सर त्याच घराण्यातले. इंजिनिअरिंगच्या दर दुसऱ्या प्रकल्पात एमक्यू-२ असतोच.

आमच्या प्रयोगशाळेत मात्र विकत आणायचा नव्हता, करायचा होता.

ती खोली अजून डोळ्यांपुढे आहे. एका कोपऱ्यात मफल भट्टी, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाण्याचा टपटपणारा संच, खिडकीत माझ्या मार्गदर्शक सरांची तुळस. सुरुवात जस्ताने. झिंक अॅसिटेट २.१९ ग्रॅम तोलायचं, १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं, चुंबकी ढवळणीवर गरम ठेवायचं आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. घाई केली की कण जाडे. पाण्यासारखं स्वच्छ द्रावण एका क्षणी दुधाळ होतं आणि मग ताकासारखं फाटून पांढरा साका बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत ५०० अंशांना दोन तास भाजायचा. पहिल्यांदा मी भट्टीचं दार लवकर उघडलं तेव्हा छातीत धस्स झालं, कारण मुशीतली भुकटी लिंबासारखी पिवळी झाली होती. वाटलं, जळली. सर जागेवरूनच म्हणाले, "थांब जरा." ती निवत गेली तशी पिवळेपणा उतरत उतरत पांढरी झाली. झिंक ऑक्साईड गरम असताना पिवळाच असतो, हे पुस्तकात होतं. मी वाचलं नव्हतं.

कथलाने जास्त छळलं. स्टॅनिक क्लोराईडच्या द्रावणात अमोनिया घातला की पांढरी बुळबुळीत खळ जमते. तिच्यात क्लोराईड अडकून बसतं, ते धुऊन काढणं म्हणजे शिक्षा. चार वेळा धुतल्यावर मी कंटाळून "झालं" म्हणालो. सरांनी गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाणी दुधासारखं झालं. काही न बोलता त्यांनी परीक्षानळी माझ्या हातात दिली. त्या दिवशी अकरा वेळा धुतलं. शेवटच्या लोकलला तळेगावहून लोणावळ्याला परतताना हाताला अमोनियाचा वास होता आणि शेजारचा माणूस सरकून बसला होता.

पुढे अगेटचा खल. भुकटीत थोडं इथाइल सेल्युलोज आणि ब्युटाइल कार्बिटॉल अॅसिटेट घालून इतकं खलायचं की श्रीखंडाला चक्का घोटतात तसं गाठ न राहता एकजीव व्हावं. हा लेप काचेच्या किंवा अॅल्युमिनाच्या पट्टीवर जाळीतून छापायचा. आमची छपाईची चौकट लग्नपत्रिका छापणाऱ्या एका कारागिराने बनवून दिली होती. लाकडी चौकटीवर ताणलेलं नायलॉन, कोपऱ्यात 'श्री' पुसट राहिलेला. छापलेली पट्टी दिव्याखाली वाळवायची, पुन्हा भट्टीत भाजायची, दोन्ही टोकांना चांदीचा लेप लावून तारा जोडायच्या. आणि मग काचेच्या पेटीत तापवून त्यात सिरिंजने गॅस सोडायचा. पेटी १० लिटरची होती, त्यामुळे गणित सोपं: १ मिलिलिटर गॅस म्हणजे १०० पीपीएम. एलपीजी फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरून ठेवलेला. हसू येईल, पण असे ब्लॅडर तेव्हा बऱ्याच प्रयोगशाळांत असायचे.

कण किती नॅनोमीटरचे निघाले हे कळायला मात्र पुणं गाठावं लागे. बटरपेपरच्या पुडीत चिमूटभर भुकटी, शर्टाच्या खिशात पुडी, आणि लोकल. तिथे क्ष-किरणांचा आलेख मिळायचा. त्यातलं शिखर जितकं रुंद तितका कण बारीक, हा पॉल शेररचा १९१८ चा नियम. हातातल्या फूटपट्टीने रुंदी मोजून मी गणित केलं. उत्तर आलं २० नॅनोमीटरच्या आसपास. सहा नव्हतं, पण त्या दिवशी मी स्टेशनवर वडापाव वाटले.

महाराष्ट्रात हे काम शहराबाहेरच्या महाविद्यालयांत इतकं का रुजलं, याचं उत्तर वरच्या यादीतच आहे. भट्टी, खल, जाळी, काचेची पेटी, एक मीटर. कोट्यवधींचं यंत्र लागत नाही, आणि जे लागतं ते तासाच्या भाड्याने दुसरीकडे मिळतं. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जाड लेपांच्या सेन्सरवर वर्षानुवर्षं काम केलं; झिंक ऑक्साईडवर क्रोमियम ऑक्साईड चढवून एलपीजी ओळखण्याचे त्यांचे निबंध परदेशी नियतकालिकांत आले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी भट्टीलाही फाटा देऊन द्रावणात बुडवून थर चढवण्याच्या साध्या पद्धती नावारूपाला आणल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आय. एस. मुल्ला कथलाच्या ऑक्साईडवर काम करत होते. आम्हाला नॅनो या शब्दाची धास्ती वाटेनाशी झाली ती पुणे विद्यापीठातल्या सुलभा कुलकर्णी यांच्या पाठ्यपुस्तकामुळे. या सगळ्यांच्या मानाने आमचं मावळातलं काम म्हणजे गावजत्रेतली कुस्ती, पण माती तीच.

खुद्द मावळाला भट्टीचं वावडं कधीच नव्हतं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला, आणि तो चालवायला परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय आले. काच तरी काय, वाळू, सोडा आणि चुना वितळवून केलेला ऑक्साईडच. आणि हवा मोजण्याचा नाद म्हणाल, तर तो लोणावळ्याला जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम काढलं ते प्राणायामासारख्या गोष्टी श्रद्धेवर न सोडता मोजून पाहायच्या म्हणून. पुढे तिथल्याच करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी माणसाला हवाबंद खड्ड्यात बसवून आतला ऑक्सिजन कसा घटतो आणि कार्बन डायऑक्साईड कसा वाढतो याच्या नोंदी केल्या. तो निबंध १९६८ चा. लोक समाधीच्या चमत्काराबद्दल बोलत होते आणि ही मंडळी टक्केवारी लिहीत होती. मला ही गोष्ट फार आवडते.

आता पुन्हा त्या रात्री ओरडणाऱ्या डब्याकडे.

सेन्सरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ असते: चाचणीची स्थिती, तापमान २० अंश, सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत आमच्या ओट्यावरचा आर्द्रतामापक ९५ च्या खाली येत नाही. तापलेल्या कथलाच्या ऑक्साईडवर पाण्याची वाफ आली की ती ऑक्सिजनच्या जागा बळकावते आणि वर इलेक्ट्रॉनही रस्त्यावर ढकलते. परिणाम एलपीजीसारखाच, रोध खाली. डब्याला ढगातला आणि सिलिंडरमधला फरक कळत नाही. तो खोटं बोलत नव्हता, त्याला एकच शब्द येतो आणि तो दोन गोष्टींसाठी वापरतो.

गंमत म्हणजे आमच्या काचेच्या पेटीत हे कधी दिसलं नाही. पेटीच्या तळाला आम्ही सिलिका जेलचे निळे खडे ठेवायचो, हवा कोरडी राहावी म्हणून. आलेख सुंदर यायचे. तसल्या आलेखांवर प्रबंध होतात, निबंध छापले जातात. आर्द्रतेचा परिच्छेद बहुधा शेवटून दुसरा असतो, 'पुढील अभ्यासाची दिशा' या मथळ्याच्या जरा वर. मीही तसाच लिहिला होता. घाटमाथ्यावर राहून! फुलासारखे, सुईसारखे, फणीसारखे नॅनोकण करण्यात आपण जेवढं कौशल्य ओतलं, त्याच्या चौथाईने तरी लेप आषाढात नेऊन ठेवायला हवे होते, असं आता वाटतं. इलाज नाहीत असं नाही. लेपात निकेलचा किंवा तांब्याचा ऑक्साईड थोडा मिसळला तर पाण्याची वाफ त्यावर आधी बसते आणि कथील बरंचसं मोकळं राहतं. परिपथात आर्द्रता मोजणारा दुसरा तुकडा बसवून वजाबाकी करता येते. जाळीमागे सक्रिय कोळशाची चकती ठेवली तर दारूची आणि फोडणीची वाफ अडते. यातली प्रत्येक गोष्ट डब्याची किंमत वाढवते, आणि गिऱ्हाईक डबा घेताना किंमत पाहतं.

खोट्या ओरडीहून वाईट प्रकार मला नंतर कळला. पावसाआधी, मेमध्ये, लोणावळ्यात घरोघरी खिडक्यांच्या फटी सिलिकॉनने भरतात. त्या ओल्या सिलिकॉनची वाफ तापलेल्या लेपावर जाऊन तिथे वाळूसारखा पातळ पापुद्रा धरते. लेप मुका होतो. दिवा हिरवाच राहतो, बटण दाबलं तर भोंगाही वाजतो, कारण बटण फक्त भोंगा तपासतं. आमचा आधीचा डबा असाच गेला असावा. बाबांनी त्याच्या शेजारचीच खिडकी भरली होती. आईने एकदा शेगडी पेटवायला विसरून बर्नर चालू ठेवला आणि वास तिला आला, डब्याला नाही. एलपीजीत मुद्दाम घातलेलं इथाइल मरकॅप्टन त्या दिवशी कामाला आलं.

लावण्याची जागा हाही लोकांचा घोळ. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्याचा डबा खाली, फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मिथेन, हलका. त्याचा डबा छताजवळ. मी दोन सोसायट्यांत पाहिलं, पाइपचा गॅस आल्यावरही डबे खालीच राहिले होते. आणि न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला तर वासच नाही. तिथे एलपीजीचा डबा लावून निश्चिंत झालेले लोक भेटतात तेव्हा काय बोलावं कळत नाही. बंद न्हाणीघरात गीझर नको, एवढंच सांगतो. बोगद्यांतल्या हवेसाठी बहुधा वेगळ्या तत्त्वांचे, विद्युतरासायनिक किंवा प्रकाशावर चालणारे मापक वापरतात. द्रुतगती मार्गासाठी लोणावळा तलावाच्या खालून नेलेल्या सुमारे नऊ किलोमीटरच्या नव्या बोगद्याची गोष्ट कथलाच्या डब्याला झेपणारी नाही.

त्याला झेपणारी एक वेगळीच गोष्ट आहे. एक लेप गोंधळतो, पण वेगवेगळे सात-आठ लेप एकत्र लावले तर प्रत्येकाचा गोंधळ वेगळा असतो, आणि त्या गोंधळांच्या ठशावरून वास ओळखता येतो. कोलकात्याच्या सी-डॅकने चहाची प्रत ठरवायला असं इलेक्ट्रॉनिक नाक केलं. मला तेव्हापासून एकच खुळ आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून झालेला इंद्रायणी तांदूळ १९८७ मध्ये आला, आणि आज रस्त्याकडेच्या निम्म्या पोत्यांवर 'अस्सल इंद्रायणी' लिहिलेलं असतं. भात शिजताना झाकण उचललं की आईला एका श्वासात कळतं. ते नाक लेपांत उतरवता येईल का?

या दिवाळीआधी सरांना भेटायला गेलो. निवृत्त झालेत, पण प्रयोगशाळेत येतात. काचेची पेटी तीच, फक्त तळाला सिलिका जेल नव्हतं. तिथे एक वाटीभर पाणी ठेवलेलं होतं आणि बाजूला आर्द्रतामापक, ९१ टक्के. एक विद्यार्थिनी वहीत दर मिनिटाला रोध लिहीत होती. आकडा स्थिर राहत नव्हता. ती खोडत होती, पुन्हा लिहीत होती. "सर, हा आलेख छापण्यासारखा नाही येणार," ती म्हणाली.

"खोडू नकोस," सर म्हणाले. "काय येतंय ते लिही."

मी पिशवीतून आमचा डबा काढून टेबलावर ठेवला. सरांनी जाळीची टोपी दिव्यासमोर धरून पाहिली, डबा तिच्याकडे सरकवला, आणि पेटीचं झाकण उचलून आत त्याच्यासाठी जागा केली.